दुसऱ्यांदा एक वाजता

टॉडमर्डनला कालव्याकाठी ही बेकरी.
माणसं पाच, भट्ट्या दोन,
आणि ऑर्डरी घेणारं सॉफ्टवेअर
मालकिणीच्या भाच्याने फावल्या वेळात लिहिलेलं.

मी लीड्सहून आले, लॅपटॉपमध्ये
चौऱ्याऐंशी पानांचा नमुना घेऊन:
चाचणीची व्याप्ती, जोखमीचा तक्ता,
सह्यांसाठी सात चौकटी.
एका बँकेसाठी केला होता. तिथे
सही करायला सातजण होते,
वाचायला कुणीच नव्हतं.

ग्लेनिसबाईंनी छापील पानं चाळली,
समासात पिठाची बोटं उमटली.
"हे भरणार कोण, पोरी?
मी पहाटे तीनला उठते."

मग बावीस पानांचा काढला.
मग सहा.
उठत्या बाजारातल्या भाजीवालीसारखी
मी पानं उतरवत होते.

कोपऱ्यात व्हॅनवाला नॉर्मन चहा पीत होता.
त्याने गल्ल्याखालून एक वही काढली,
निळी, तेलकट, सुतळीने पेन्सिल बांधलेली.
"चुकलं की लिहितो. काय मागितलं, काय आलं."

काय मागितलं. काय आलं.
माझ्या तक्त्यात याच दोन रकान्यांची
अपेक्षित आणि प्रत्यक्ष अशी भारदस्त नावं आहेत.

मे: अर्धा डझन लिहिलं, पावती अर्ध्या पावाची.
ऑगस्ट: ओ'हाराबाईंच्या नावातल्या त्या वरच्या स्वल्पविरामाशी
अडून बसलं. ऑर्डर तोंडी घेतली.
ऑक्टोबर, शेवटचा रविवार: घड्याळं मागे.
रात्रीचा एक दोनदा वाजला, ऑर्डरी दोनदा निघाल्या.
दोनशे चाळीस पाव जास्त. वृद्धाश्रमात वाटले.
(खाली वेगळ्या शाईत: त्यांना मनुकांचे आवडले.)

तो दुसरा एक
माझ्या चौऱ्याऐंशी पानांत कुठेच नव्हता.

अंथरूण पाहून पाय पसरावे, आई सांगायची.
अंथरूण ज्याचं, त्याला आधी विचारावं
हे तिने सांगितलं नाही,
की मीच ऐकलं नाही, आठवत नाही.

वहीतल्याच ओळी घेऊन एक पान केलं,
भिंतीला चिकटवलं, ट्रेच्या मांडणीशेजारी.
फक्त एक रकाना वाढवला: पुन्हा कुणी पाहिलं?
ऑक्टोबरच्या ओळीपुढे नॉर्मनची पेन्सिल थांबली.
"इथे कुणाचं नाव? त्या वेळी मी तर घोरत असतो."

म्हणून आज शनिवारी रात्री मी इथे,
भट्टीला पाठ लावून, वही मांडीवर.
ग्लेनिसबाईंनी शाल दिली आहे, किटली भरून ठेवली आहे.
एक वाजून गेला.
पुन्हा वाजायची वाट पाहते आहे.