सहा ग्रॅम

दात घासायच्या ब्रशची दांडी मी कापून टाकली,
सहा ग्रॅम वाचले.
पीठ मोजायच्या काट्यावर एकेक जिन्नस ठेवून
वहीत उतरवलं होतं सगळं:
तंबू एक किलो तीनशे,
जादा स्पोक पाच, सीटच्या नळीत दडवलेले,
डिरेलरचा हँगर, माझ्याच सायकलच्या मापाचा,
मोजे तीन जोड (दोन चालले असते).
वीस दिवस, अकराशे किलोमीटर,
रोजचे पंचावन्न. बाकी शून्य.

तो भागाकार चिलीत, कोक्रेनला, एल्सिराच्या खानावळीत अडकला.
चुलीवर माझे हातमोजे वाळत होते,
तिनं वही हातात घेतली, लांब धरली,
चष्मा शोधला, सापडला नाही,
तशीच वाचली.
"हे वाऱ्याला विचारून लिहिलंस?"

माझं स्पॅनिश पंधरा धड्यांचं,
त्यात भूतकाळ अजून यायचा होता.
विचारलं नव्हतं, हे सांगायचं कसं?

मग मातेच्या कपात बोट बुडवून
मेणकापडावर तिनं रस्ता काढला.
इथे पूल. पाणी पुलाच्या अलीकडे भर,
पलीकडचं मेंढ्यांचं.
इथून पुढे रिपिओ, नुसती खडी,
ट्रक आला की उतर, तोंडाला फडकं लाव, शिव्या नंतर दे.
पैसे आजच काढ. यंत्र इथे शेवटचं,
आणि शुक्रवारी तेही रिकामं.
वारा अकरानंतर उठतो, तू पाचला ऊठ.
बोट मंगळवारी आणि शनिवारी,
इंजिनाची तब्येत बरी असली तर.
रस्ता वाळून जात होता,
ती पुन्हा पुन्हा बोट बुडवत होती,
मी मान खाली घालून लिहीत होते.

तिचा भाचा नेल्सन करवती दुरुस्त करतो.
त्यानं सायकल एका हातानं उचलली, पॅडल फिरवलं,
डोळे मिटून ऐकलं, डॉक्टर छाती ऐकतात तसं.
"मागचा टायर पुढे घाल," एवढंच म्हणाला
आणि माझा होकार यायच्या आत चाक काढलंसुद्धा.
पैसे विचारले तर खांदे उडवले.

निघताना एल्सिरानं वर्तमानपत्राचा गठ्ठा पुढे केला.
ऱ्हुबार्बचा मुरंबा, दोन बरण्या,
आणि चिंधीत बांधलेला स्पार्क प्लग.
"ओतिलियाला. माझी बहीण. धक्क्याजवळ निळ्या पत्र्याचं घर.
बस या आठवड्यात नाही."
माझे हात एव्हाना काट्यासारखेच झालेले:
एक किलो नऊशे, फार तर वीसपंचवीस इकडे तिकडे.
नाही म्हणायला स्पॅनिशमध्ये एकच अक्षर पुरतं.
तेही मला आलं नाही.

पिशव्या सगळ्या पुन्हा उपसल्या.
तंबू वर, खिळेपान्याची थैली खाली,
बरण्या मधोमध, एकमेकींना लागू नयेत म्हणून
तिसरा मोज्यांचा जोड, एकेकीवर एकेक.

पहिल्या दिवशी एकतीस किलोमीटर.
दुसऱ्या दिवशी चाळीस, त्यातले नऊ चालत,
वाऱ्याशी डोक्यानं ढकलाढकली करत.
रात्री तंबूत भुकेनं झाकणाला हात लावला,
खोटं कशाला सांगू,
अर्धा आटाही फिरवला,
मग पुन्हा घट्ट केला आणि कोरडे ओट्स चघळले.
तिसऱ्या दिवशी दुपारी निळा पत्रा दिसला.

ओतिलियानं माझ्याकडे पाहिलं नाही,
बरणी उजेडात धरली.
"यंदा साखर कमी घातलीय तिनं."
मग प्लग घेऊन मागल्या शेडमध्ये गेली.
दोनदा खोकल्यासारखा आवाज, तिसऱ्यांदा करवत सुरू.
त्या आवाजातच ओरडून तिनं सांगितलं,
बोट तासाभरापूर्वी गेली,
आता शनिवारी.

वहीत शनिवारपर्यंतच्या रकान्यांत
रोजचे पंचावन्न लिहिलेले होते.
ओंडके पडू लागले तशी मी बाह्या सारल्या
आणि भिंतीलगत लाकडं रचायला घेतली,
जाड खाली, बारीक वर.
तिनं एकदा येऊन पाहिलं,
दोन उचलून परत नीट लावली.