मोकळ उर्फ मोकल

तक्त्यावर प्रत्येक अक्षराला काहीतरी मिळालं होतं.
ग ला गवत, ठ ला ठसा,
ज्ञ ला तर दाढीवाला एक अख्खा म्हातारा.
ळ च्या चौकटीत रांगतं बाळ,
आणि अक्षर त्याच्या पाठीमागे, सुटलेल्या लंगोटासारखं.
ळ ने काहीच सुरू होत नाही, केळकर बाई म्हणाल्या,
तो कुणाच्या तरी मागून येतो.
आम्ही माना डोलावल्या:
हो, केलकर बाई.

नेरूळ गावातली शाळा. पहिलीत एकतीस पोरं,
आणि एकाच्याही जिभेला मागे वळायची सवय नाही.
मी म्हणाले, बाई, मी केलं खाल्लं.
काय केलंस? आणि मग काय खाल्लंस?
वर्ग हसला. मीही हसले, कळलं नव्हतं तरी.
संध्याकाळी आरशासमोर जीभ उलटी करून
टाळूला लावून बसले,
तर आई आतून धावत आली,
काय झाला गो, काटा अरकला का?

आमच्याकडे वेळ नव्हती, वेल होती.
भरतीची वेल झाली म्हणत
बाबा जाळं खांद्यावर टाकून निघायचा,
आणि मला वाटायचं, खरंच खाडीतून एक वेल निघते,
खाजणाच्या बांधावर चढते,
सहा तासांत सुकून परत जाते.
बाईंनी वेळ शिकवली.
तेव्हापासून ती वेल दिसली नाही मला.
तक्रार नाही ही. घड्याळ वाचता येतं, त्यावर पोट भरतं.

मग जमिनी गेल्या, आणि साडेबारा टक्क्यांची फाइल आली.
सातबाऱ्यावर हसुराम पोशा मोकळ.
निवाड्याच्या यादीत हसुराम पोशा मोकल.
बेलापूरच्या कचेरीतल्या साहेबाने दोन्ही कागद
शेजारी शेजारी ठेवले,
यातला तू कोणता?
बाबा म्हणाला, मी मोकल.
मग जमीन ज्याची होती तो मोकळ कोण?
त्याला घेऊन ये.

अकरा वर्षं आम्ही त्याला शोधत होतो.
वडे खाऊन, झेरॉक्स काढून, तलाठ्याच्या ओट्यावर बसून.
शेवटी वकिलाने शंभराच्या मुद्रांकावर शपथेवर लिहिलं
की दोन्ही इसम एकच,
आणि दरोडेखोरांच्या नावात असतो तसला एक उर्फ
बाबाच्या नावात ठोकून दिला.
तो रात्रभर म्हणत राहिला, उर्फ, उर्फ.
हा शब्द त्याला स्वच्छ म्हणता येत होता.

मी आता स्टेशनच्या पूर्वेला पाट्या कापते, ॲक्रिलिकच्या.
पाटी मराठीत हवी, असा कागद आला की दुकानदार धावत येतात.
हे जिलेबीसारखं अक्षर हवंच का, मॅडम?
ल चालेल की, कोण बघतंय.
मी म्हणते, चालणार नाही.
कुणाच्या वतीने म्हणते, कोण जाणे.
मशीनला ळ कापायला वेळ लागतो,
आणि कापला की त्याचे दोन डोळे निखळून ट्रेमध्ये पडतात.
लाल, पांढरे, सोनेरी. टाकवत नाहीत.
फरसाणाच्या डब्यात साठवलेत,
भाचा त्यांना डोले म्हणतो आणि त्यांच्यावर व्यापार खेळतो.

भूखंड मिळाला, बिल्डर आला, दुसऱ्या मजल्यावर घर झालं.
बाबा, दाराला पाटी करू?
कर की.
शेवटचं अक्षर कोणतं टाकू?
त्याने पंख्याकडे पाहिलं, बराच वेळ,
मग म्हणाला, ती जागा मोकली ठेव.

तशीच ठेवलीय. हसुराम पोशा मोक,
आणि पुढे एका अक्षराइतकी भिंत.
परवा कुरिअरवाला विचारत होता,
मोकाशी का?
बाबा म्हणाला, हो. दे.