दुसऱ्या कडव्याआधी

लोअर परळला, दाताच्या डॉक्टरकडे,
छतातून ते गाणं सुरू झालं.
तोंड उघडं, गालात कापूस,
आणि मी वाट बघू लागलो
दुसऱ्या कडव्याआधी येणाऱ्या हाकेची.

वडाळ्याला, पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्समध्ये,
खानोलकरांचा टेपरेकॉर्डर मागून आणून
हेमाताईने तो रेडिओसमोर धरला होता.
लाल बटण दाबलेलं, ओठांवर बोट,
आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो.
पण चांगुणा कोळणीला कोण सांगणार?
बासरी संपता संपता ती जिन्यातून ओरडली,
"मांदेली घ्या गोऽ, ताजी मांदेली!"
मागून आई, अगदी हळू, "कशी दिली?"

ताई आठवडाभर रुसली.
पुढे फीत चुरगळेपर्यंत ऐकली आम्ही ती कॅसेट,
पेन्सिल घालून गुंडाळली, पुन्हा ऐकली.
मांदेलीचा भाव मात्र कधी कळलाच नाही.
तिथे नेमकं कडवं सुरू व्हायचं.

आज बासरी स्वच्छ संपली.
जिना नाही, पाटी नाही, आई नाही.
कडवं अगदी वेळेवर आलं
आणि मला वाटलं, गाणारी चुकली.
"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
मी नुसती मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, कोण जाणे.

खाली उतरून ताईला फोन लावला, ऐरोलीला.
अर्धा गाल बधिर, शब्द ओठांतून सांडत होते.
म्हटलं, मांदेली कशी दिली?

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग ती म्हणाली,
"तीन रुपये वाटा सांगितला होता.
आईने दोनला घेतली."