वाटेतच पडतं

कूलरमध्ये पाणी ओतून हे फरशीवर नकाशा पसरतात.
चार कोपऱ्यांवर चष्म्याचं घर, अडकित्ता,
गाडीची किल्ली आणि माझा पाय.
बाहेर लष्करच्या गल्लीत सेहेचाळीस डिग्री,
कुल्फीवालाही फिरकलेला नाही.

मी म्हणते, नैनिताल जवळ.
हे म्हणतात, तिथे फार गर्दी.
मग सिमला?
तिथे मे महिन्यात पाणीच नसतं म्हणे.
पेन्सिल आपली मुरैन्यावरून निघते
(गजक घेऊ का? उन्हाळ्यात कसली गजक!)
चंबळ ओलांडते, धौलपूर, आग्रा, मथुरा,
दिल्लीला बाहेरूनच वळसा,
रुडकीला चहा.

आणि थांबते.
हे टोक काढायला उठतात.
टोक तर शाबूत आहे.

"मसुरीला जायचं म्हटलं तर," खिडकीकडे बघत,
"देहरादून वाटेतच पडतं.
टायरची हवा तिथे तपासू."

चार वर्षं झाली
शाल्मलीनं तिथे घर मांडलं त्याला, आम्हाला न विचारता.
पत्ता फक्त माझ्याकडे,
मिसळणाच्या डब्याखालच्या चिठ्ठीवर,
असं मी समजत होते.
नकाशावर त्या गावाशेजारी
एक टिंब आहे, जुनं,
खोडून खोडून कागद विरलेला.

मी यादी करायला घेते.
छत्री. यांच्या बीपीच्या गोळ्या. थर्मास.
बेसनाचे लाडू, पन्नास.
दोघांना इतके कशाला, असं हे विचारत नाहीत.
नकाशाची घडी चुकते, पुन्हा घालतात.
डबा मोठा घे, म्हणतात,
डोंगरात भूक लागते.