बिनमिठाची पेज

आठवड्यातून तीनदा
पहिल्या फेरीबोटीने दीवाडीहून पलीकडे,
तिथून बसने बांबोळी.
क्लेटोच्या मनगटातली शीर
मांजरासारखी घुरघुरते.
बोट लावून पाहते मी, मगच दार ओढते.

डॉक्टरांनी मीठ बंद केले.
मिठागरात हयात गेलेल्या माणसाचे!
मीही बिनमिठाचीच पेज खाते,
आणि रविवारी पाद्री वाचतो:
तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा.
हसू फुटले मला, भर मिसेत.
एर्मेलिंदने कोपर मारले.

खोटे कशाला बोलू,
रोझारच्या तिसऱ्या रहस्यात डोळा लागतो माझा.
आणि 'तुझी इच्छा पूर्ण होवो' पाशी
जीभ अडते.
तेवढे गिळून पुढे जाते,
रोजच्या भाकरीकडे.

परवा पुनवेचे उधाण.
बांधाला भगदाड पडेल या धास्तीने
बॅटरी घेऊन मानशीवर गेले.
क्लेटो मागून आलाच, धापा टाकत.
म्हणाला, हात लावू नको दाराला.
पाणी चढू दे.

चढले.
आणि पाण्यानेच, आपल्याच दाबाने,
लाकडी दार करकरत मिटवले.
आत शेत काळोखात कोरडे.
लग्न होऊन एकतीस वर्षे इथे नांदते,
हे काय मला ठाऊक नव्हते?
ठाऊक होते.
उभी मात्र कधी राहिले नव्हते
त्या दारापाशी, भरतीच्या वेळी.

घरी येऊन पेज गरम केली.
क्रुसासमोर वात सरळ केली.
'तुझी इच्छा' एवढे म्हटले.
उरलेले दोन शब्द अजून
घशात आहेत,
कढत.