मधला पट्टा

दोंडाईच्याहून निघालो तेव्हा मिरचीच्या पथारींवर ऊन यायचं होतं.
रतिलालच्या पिकअपमध्ये खुर्ची चढवायला चार माणसं लागली,
मला चढवायला दोन.
खुर्ची माझ्याहून जड,
आणि तिला धरायला बगल नाही.

"जिभाऊ, बॅटरी फुल ना?"
पाच दिवे. पाचही हिरवे.
बावीस वर्षं लोकांच्या घरी दिवे लावत हिंडलो,
आता हाताजवळचे हे पाच
दर मैलाला मोजतो.

बळसाण्याच्या वाटेवरचे खांब ओळखीचे.
हा वाकडा, माझ्याच हातचा.
वळणावरच्या डीपीला अजून झाकण नाही.
त्याच्या पुढच्या तिसऱ्या खांबावरून
मी एकदा खाली आलो होतो,
शिडी न वापरता.
रतिलालला हे ठाऊक आहे.
तो तिथे गाडी जरा जोरात काढतो.

गावात पोरं जमली.
एक म्हातारा बैल पारखावा तसा
खुर्चीला फेरी मारून आला.
"हाई गाडी कितलाम्हा पडनी?"
सांगितलं.
"अ‍ॅव्हरेज कितला देस?"
सपाटीला बारा किलोमीटर,
चढाला देवाचं नाव.
मग मी रिव्हर्स घेऊन दाखवला.
टाळ्या पडल्या.

देवळापाशी निळा फलक:
खरवडू नका, नाव कोरू नका, दंड होईल.
आत कसं यायचं, ते लिहिलेलं नाही.
गुरं शिरू नयेत म्हणून फाटक नागमोडी केलंय,
ते मलाही गुरांत धरतं.
झाडलोट करणाऱ्या सोजरबाईंनी
ट्रॅक्टरच्या फाटकाची किल्ली शोधली,
कुलूप तेल मागत होतं.
घरकुलाच्या कामावरून सेंट्रिंगच्या फळ्या आल्या.
फळ्यांखाली त्यांनी गोणपाट घातलं, दुहेरी.
"दगडले लागाले नको."
मला वाटलं होतं, माझ्यासाठी.

चौथऱ्यावर चढलो. मोटर रडली, पण चढलो.
पुढे उंबरा, वीतभर.
वीतभर म्हणजे मला लळिंगचा किल्ला.
"उचलू का?" रतिलालने विचारलं.
नको म्हटलं. देव आतून दिसतोच असं नाही.

या गावाला लाईन ओढली तेव्हा
खांबावर कमरेला पट्टा बांधून
मी भाकरी खाल्ली होती.
देवळाचा माथा अगदी समोर होता,
फटीत पोपटाची पिल्लं.
आज बघतो तो पार तळ:
शेणकुटाच्या धुराने काळी पडलेली हत्तींची रांग,
आणि कोपऱ्यात एक बुटका,
गुडघे मोडून बसलेला, गाल फुगवलेला,
सगळं देऊळ जणू त्याच्याच डोक्यावर.
त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.
सकाळपासून हा पहिलाच,
बाकी सगळे वरून बोलत होते.

राहिला तो मधला पट्टा,
उभ्या माणसाच्या नजरेचा.
तो मी पाहिलाच नाही.
उभा होतो तेव्हा हातात थकबाकीची यादी असायची.

"काय आहे रे तिथे?"
रतिलाल मान तिरकी करून वाचू लागला.
"एक बाई आहे. मोबाईलमध्ये बघते.
नाही, आरसा असेल.
दुसरीच्या पायाशी कुत्रं. की हरीण?
तिसरीला हात नाही,
पण नाचते मात्र."
"कशावरून?"
तो बराच वेळ गप्प राहिला.
मग त्या भर उन्हात, चप्पल काढून,
त्याने कमर एका बाजूला टाकली
आणि एक पाय उचलून उभा राहिला.
सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला.

परतताना दोन दिवे उरले, दुसरा लुकलुकणारा.
पिठाच्या गिरणीत चार्जर लावला,
चहाचा कप अर्धा व्हायच्या आत
गिरणी धापा टाकून थांबली.
दळण घेऊन बसलेल्या बाया,
तो म्हातारा, पोरं,
सगळे माझ्याकडे वळले.
कुणीतरी ओळखलं होतं.
"वायरमन जिभाऊ, लाईट कव्हय येई?"

बावीस वर्षं जे सांगत आलो
तेच सांगितलं:
पाच मिनिटांत.
कुणाचाच विश्वास बसला नाही,
आणि कुणी उठलंही नाही.