दोन गुणांचा प्रश्न

आमच्या गावाचं नाव हो.
बसमध्ये कुणी विचारलं, कुठली,
तर एका अक्षरात उत्तर संपतं.

मॅडम अकोफा दुपारी दोनला खुर्चीत बसल्या.
शनिवारी मामाचं मयत, पेड बारीक हवेत,
म्हणजे पाच तास, कदाचित सहा.
माझे हात कामात, त्यांचे रिकामे.
सेफाकोरनं न विचारताच
त्यांच्या मांडीवर पुस्तक ठेवलं:
इंटिग्रेटेड सायन्स, जुन्या प्रश्नपत्रिका,
कव्हर गेलेलं, सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून.

सेफाकोर माझी धाकटी.
शाळेच्या नियमानं डोकं कातरलेलं,
एका हातानं मला गंगावनाच्या बटा सोडवून देते,
दुसऱ्या हाताच्या बोटांवर उत्तरं मोजते.
परीक्षेला अठरा दिवस.

मॅडम अकोफा बाजारात धुरावलेले मासे विकतात.
प्रश्नही तशाच विचारतात.
"मातीची धूप थांबवायचे दोन उपाय."
"झाडं लावणं."
"आणि?"
"..."
"दोन गुण मागतेस आणि एकच टाकतेस तराजूत?"

"रातांधळेपणा कशानं?"
"अ जीवनसत्त्व कमी पडल्यानं."
"ते कशात?"
"गाजरात."
"गाजर कोण खातं गं इथं? लाल पामतेल लिही."
मागं पाहिलं तर पुस्तकातही पामतेल होतं,
गाजराच्या नंतर.
त्या दिवसभर त्याच खुशीत होत्या.

मी बोलत नव्हते.
मला सायन्समध्ये आठ मिळाले होते,
आणि आमच्याकडे पहिला नंबर एकाचा,
नऊच्या खाली काही नाही.
सहा वर्षं झाली. निकाल बघून आले
आणि त्याच आठवड्यात कंगवा धरला.

"लोखंड गंजायला कोणत्या दोन गोष्टी लागतात?"
सेफाकोर म्हणाली, पाणी.
मग वर पाहू लागली, पत्र्याकडे,
जिथं तीन भोकांतून दुपार आत येते.
"हवा," मी म्हणाले.
दातांत क्लिप होती तरी स्पष्ट ऐकू गेलं.
मॅडम अकोफांनी मान वळवली,
माझ्या हातातला पेड सुटला.
"बघ तरी," त्या पुस्तकाला म्हणाल्या,
"हिला येतंय."

सहाला लाइट गेली. पंखा दोन फेरे
सवयीनं फिरला आणि थांबला.
सेफाकोर अंधारातच म्हणाली:
धरणातल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा, मग गतिज,
मग विद्युत, मग...
"मग काही नाही," मॅडम अकोफा म्हणाल्या.
आम्ही हसलो. मेणबत्ती सापडायला वेळ लागला.

आता त्या दोघींना विचारत होत्या.
माझी तीन चुकली. चौथं आलं.
शेवटी टोकं बंद करायची म्हणून
एकेक पेड ज्योतीजवळ नेला
आणि तेव्हाच प्रश्न निघाला:
भौतिक बदल की रासायनिक?
वितळलं तर भौतिक, जळालं तर रासायनिक.
आमच्या धंद्यात दोन्ही
एकाच सेकंदात होतं, आणि वास राहतो.
मी तेच सांगितलं.
सेफाकोरनं ते वहीत लिहिलं,
मग खोडलं. म्हणाली, असं लिहिलं
तर गुण देणार नाहीत.
खोडलेलं वाचता येत होतं.

पैसे मोजताना मॅडम अकोफांनी घासाघीस केली.
"एकेचाळीस प्रश्न वाचले मी. त्याचे किती वजा?"
मी पाच सेडी सोडले.
त्यांनी ते सेफाकोरच्या हातावर ठेवले,
पेनासाठी.

दारात थांबल्या, डोकं जड, मान ताठ.
"ते मिठाच्या पाण्यातलं रताळं,
ते मऊ का पडतं, मला नीट कळलं नाही.
महिन्यानं पेड सोडवायला येईन, तेव्हा सांग."
सेफाकोर म्हणाली, तोवर परीक्षा होऊन जाईल.
"मग?" त्या म्हणाल्या.
"रताळं तेच राहील ना?"